काकाले लिंबू दे!

नागपूरच्या माणसाला शिकायला बाहेरगावी पाठवू नये. तो बाहेर गेला की गावाबद्दल वाटेल ते बोलतो, आणि बोललेलं पुढे कधीतरी निस्तरावं लागतं. मी पुण्याला हॉस्टेलवर होतो. तिथल्या मेसची आमटी गोड असायची. आमटीत गूळ कशाला, असं एकदा मेसवाल्यांना विचारलं, तर "मग काय घालतात?" असा उलट सवाल आला. त्या रागात मी रूमवरच्या पोरांना सांगून टाकलं की आमच्याकडे सकाळच्या पोह्यांवर जी तर्री घेतात, तेवढ्यात तुमच्या मेसचं महिन्याचं तिखट संपेल. उन्हाचा विषय निघाला तेव्हा म्हणालो, पारा पंचेचाळीसच्या खाली आला की आम्ही स्वेटर शोधतो. आणि सावजी मटण? ते तर आम्ही दात यायच्या आधीपासून खातो.

प्रत्यक्षात आमच्या घरी साधं वरण, भात, तूप आणि लिंबाची फोड असा रोजचा बेत. आई फोडणीत मिरची घालायची ती बिया काढून, आणि वडील ती मिरचीही ताटाच्या कडेला काढून ठेवायचे. अंडं घरात यायचं ते फक्त परीक्षेच्या दिवसांत, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून, आणि उकडलं जायचं मागच्या अंगणात, वेगळ्या भांड्यात. सावजी मी पुढे नोकरीत चाखलं. चाखलं म्हणजे ऑफिसच्या पार्टीत एखादा तुकडा उचलायचा, भातावर नीट निथळून घ्यायचा, रस्सा लागलेला भात हळूच शेजारच्याच्या ताटात सारायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "आज जरा फिक्कंच झालंय."

इतकी वर्षं माझं हे सगळं खपून गेलं, कारण नागपूर लांब आहे. एवढ्या लांब येतो कोण? साक्षात सरकारने दरवर्षी इकडे यावं म्हणून 1953 साली नागपूर करारात तसं लिहून घ्यावं लागलं, तेव्हा कुठे वर्षातून एक अधिवेशन इथे भरतं. माझ्या मित्रांशी माझा तसा काही करार नव्हता. पण मग समृद्धी महामार्ग झाला. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, वाटेत एक सिग्नल नाही. सगळं शहर विकासाच्या गप्पा मारत होतं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

व्हायचं तेच झालं. हॉस्टेलातल्याच एका मित्राने मुलीचं लग्न नागपुरात काढलं, तेही मे महिन्याच्या अखेरीला. पुणेकर, रत्नागिरीकर आणि हल्ली बेंगळुरूला स्थायिक झालेला तिसरा, असे तिघे एक दिवस आधीच येणार होते. "लग्नाचं जेवण काय, सगळीकडे सारखंच," पुणेकर फोनवर म्हणाला. "आम्हाला तू रोज खातोस ते खायचंय."

मे अखेर म्हणजे नवतपा. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि पुढचे नऊ दिवस नागपूरला शिक्षा झाल्यागत वाटतं. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, ते कुणाच्या तरी कूलरखाली असतं. 2013च्या मे महिन्यात इथे 47.9 अंश नोंदले गेले होते. तो आकडा मी तिघांनाही तेव्हा मोठ्या अभिमानाने कळवला होता. त्यामुळे आता ऊन फार आहे, ही सबब मला चालण्यासारखी नव्हती.

तिघांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून यादीच करून आणली होती. यादीत पहिलं कलम होतं संत्र्याची बाग. आता संत्र्याचे बहार दोन. आंबिया दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो आणि मृग उन्हाळ्याच्या तोंडाशी. मे संपताना नागपुरात संत्रं उरतं ते बर्फीत आणि दुकानांच्या पाट्यांवर. हे समजावून सांगितलं, तर बेंगळुरूवाला म्हणाला, "पण तुमच्या संत्र्याला जीआय टॅग आहे ना?" आहे. 2014 साली मिळाला. टॅग बारा महिने असतो, फळ नसतं. त्याचं समाधान झालं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, संत्री मीच कुठेतरी लपवून ठेवली आहेत असा त्याचा समज झाला असावा.

दुसरं कलम सावजी. आणि इथे माझी खरी पंचाईत. खरं सावजी कुठे मिळतं, हे नागपुरात जन्मलेल्या माणसाला विचारावं लागतं ही नामुष्की, आणि विचारलं की त्याहून मोठी. ज्याला विचारावं तो एकच नाव सांगतो आणि बाकीचे सगळे डुप्लिकेट म्हणतो. एकजण म्हणाला, गोळीबार चौक सोडून कुठे जाऊच नका. दुसरा म्हणाला, गोळीबार चौकात आता कोण जातं, पाचपावलीत जा. तिसऱ्याने मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून, उमरेड रोडवरच्या एका ठिकाणाचं नाव सांगितलं आणि हे कुणाला सांगू नका अशी शपथ घातली. तेच ठिकाण नंतर बेंगळुरूवाल्याने मला मोबाइलवर दाखवलं. लाखो लोकांनी पाहिलेला व्हिडिओ होता तो.

शेवटी ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी कामाला आले. मूळचे इतवारीकडचे हलबा कोष्टी, आजोबांपर्यंत घरात हातमाग. त्यांनी मला आधी खुर्चीवर बसवलं. "सावजी म्हणजे मसाला नाही साहेब, सावजी म्हणजे आमी लोकं," ते म्हणाले. विणकरांचा समाज. मागाचा धंदा बसत गेला तसं घरच्या बायांनी रोजच्या चुलीवरचं जेवण समोरच्या खोलीत विकायला काढलं. आधी दोन बाकं, मग चार, मग पाटी. जवसाचं तेल, दगडफूल, खसखस, मिरे, सुकं खोबरं अशी पाच-सहा नावं त्यांनी घेतली आणि थांबले. मी विचारलं, बाकीचं? "बाकीचं मी घरी विचारलं होतं लग्नाच्या पयल्या वर्षी. मग नाही विचारलं." मग त्यांनी जागेचं नाव सांगितलं आणि माझ्याकडे जरा बघून म्हणाले, "तुमी पन जेवनार काय?"

हा प्रश्न मला तेव्हा खटकायला हवा होता.

सकाळ तशी बरी गेली. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला तर्री पोहे. इथे पुणेकराला पहिला धक्का बसला तो तिखटाचा नाही. मी ठेलेवाल्याला म्हणालो, "भैया, चार प्लेट बनाना, तर्री मारके." तो म्हणाला, "अभी देता साहब." पुणेकराने त्याचं नाव-गाव विचारलं. माणूस भंडाऱ्याचा, अस्सल मराठी. "मग तुम्ही दोघं एकमेकांशी हिंदीत का बोलताय?" त्याने मला विचारलं. मी ठेलेवाल्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आयुष्यभर हे आम्ही असंच करत आलोय. कुणी कारण विचारलं नव्हतं. पोह्यांवर काळ्या चण्यांची लालभडक तर्री, वर कांदा, शेव आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. मी माझ्यापुरती तर्री बाजूला, वेगळ्या वाटीत मागितली. रस्सा वेगळा घेतला की पोह्यांचा दाणा मोकळा राहतो, असं कारण दिलं. रत्नागिरीकराने दोनदा तर्री घेतली, द्रोण तोंडाला लावून संपवला आणि म्हणाला, "चणे छान शिजलेत." बस्स. एवढंच. मी घाम, ठसका, पाण्यासाठी धावाधाव असं काही बघायला मिळेल म्हणून थांबलो होतो.

दुपारी दीडच्या सुमारास आम्ही सावजीच्या शोधात निघालो. रस्ता आमच्या शिपायाने सांगितला होता: रेल्वे फाटकाच्या अलीकडे डावीकडे वळा, पानठेला लागेल, तिथून उजवी गल्ली. पानठेले दोन निघाले. पहिल्यापासून उजवीकडे गेलो तर गल्ली एका पिठाच्या गिरणीत संपली. परत आलो. वाटेत सावजीच्या पाट्या इतक्या, की गाडी थांबवावी तिथे जेवण. कुणी ओरिजिनल, कुणी जुनं, कुणी प्रसिद्ध; एकाने तर आमची दुसरीकडे शाखा नाही असं लिहून खाली शाखेचा पत्ता दिला होता. सहकाऱ्यांना फोन लावला, ते दुपारची झोप घेत होते. मग बेंगळुरूवाल्याने मोबाइल काढला आणि मागच्या सीटवरून मला माझं गाव दाखवायला सुरुवात केली. "लेफ्ट घे. आता स्ट्रेट. इथे पार्क कर, पुढे जागा नसते." पुढे जागा नव्हती.

पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, कोपऱ्यात दरवाजाएवढा कूलर, गल्ल्यावर बनियनमध्ये मालक. वाढपी पोरगा आला आणि एका दमात बोलला, "मटन, खूर, कलेजी, खिमा, अंडा. व्हेजमधी पाटोडी हाय, डाळकांदा हाय. काय देऊ?" बेंगळुरूवाला हल्ली शाकाहारी झालाय, त्याने पाटोडी आणि डाळकांदा सांगितला. पाटोडी म्हणजे बेसनाची वडी, तेव्हा हा सुटला असं मला वाटलं. रस्सा सगळ्यांचा एकच असतो हे मला माहीत नव्हतं. रत्नागिरीकराने खूर मागितले. मी बाकावर मागे रेलून, घरच्या माणसाच्या सुरात म्हणालो, "आमचं मटण. आणि रस्सा तर्रीदार आण भाऊ. पाहुण्यांची काळजी करू नको, मी आहे."

वाट्या आल्या. स्टीलची खोलगट वाटी, तिच्यात काठोकाठ रस्सा. वर बोटभर तेलाचा थर, काळपट लाल, आणि तो हलत नव्हता. पोळीच्या तुकड्याने थर बाजूला सारला की खालून गडद तपकिरी रस्सा दिसायचा आणि लगेच वरचं तेल पुन्हा जागेवर यायचं. वास आधी जवसाचा, कडवट. मग मिऱ्याचा. मटणाचा सगळ्यात शेवटी. मी पहिला घास घेतला. काही नाही. खमंग, जरा तुरट, छान. मी तिघांकडे विजयी मुद्रेने पाहिलं आणि दुसरा घास पहिल्यापेक्षा मोठा घेतला. जाणकारांना पुढचं सांगायला नको. सावजीचं तिखट उशिरा येतं, पण मुक्कामाला येतं.

ते जिभेला लागलं नाही. आधी कान तापले. मग टाळूच्या मधोमध, जिथे माझे केस गेलेत, बरोबर तेवढ्याच जागेत घामाचे थेंब उभे राहिले. नाक वाहू लागलं. मी रुमाल काढला, डोळे पुसले, आणि रुमालाच्या आधी तेच बोट डोळ्याला लागलं. त्यानंतरचं मला फारसं दिसलं नाही, ऐकू आलं. शेजारी रत्नागिरीकर खुराचं हाड चोखत होता, त्याचा समाधानी आवाज. समोर पुणेकर म्हणत होता, "अजून एक वाटी रस्सा, आणि हो, एक्स्ट्राचे पैसे लागतात का?" बेंगळुरूवाला डाळकांद्याबद्दल कुणाला तरी फोनवर माहिती देत होता. आणि मध्येच एक मोठी उचकी. ती माझी होती.

नेमकी तेव्हाच लाइट गेली. कूलर घरघरत थांबला, त्यामुळे दुसरी उचकी सगळ्या हॉटेलने ऐकली.

वाढपी पोरगा पाण्याचा जग घेऊन आला. "तिखट लागून राह्यलं काय काका?" त्याने फार मायेने विचारलं. मी मान हलवून नाही म्हणालो आणि धुळीची अ‍ॅलर्जी असल्याचं सांगितलं. "होते, होते," तो म्हणाला. "पुन्याहून आले काय?"

"छे, छे," तोंडात घास असलेला पुणेकर म्हणाला, "हे इथलेच. आम्ही पुण्याहून आलो."

पोराने पुणेकराकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. मग त्याची नजर रत्नागिरीकरावर गेली. उन्हासाठी मीच सकाळी त्याला माझा पांढरा दुपट्टा दिला होता, तो त्याने डोक्याला घट्ट गुंडाळला होता आणि तो दोन्ही हातांनी तन्मयतेने जेवत होता. "हे भाऊ तर आपल्याकडचेच दिसून राह्यले," पोरगा म्हणाला. रत्नागिरीकराने मान वर न करता सांगितलं, "भात आण बे." हे "बे" तो कधी शिकला कळलं नाही. सकाळपासून माझ्याच गाडीत होता.

मग गल्ल्यावरून मालकाचा आवाज आला, सगळ्या बाकांना ऐकू जाईल असा: "काकाले लिंबू दे रे! आन् साखर पाहाय घरात असन तं!"

साखर आली. चमचाभर, घरातल्या डब्यातून, मालकाच्या नातीने आणून दिली. मी ती खात असताना ती मुलगी समोर उभी राहून बघत होती. असं काही त्या हॉटेलात पूर्वी घडलं नसावं.

बिल मात्र मीच देणार, हे मी उचक्यांमधूनही निक्षून सांगितलं. गल्ल्यापाशी जाऊन फोन काढला. माझा फोन चेहरा ओळखून उघडतो. त्याने चेहरा ओळखला नाही. पुन्हा धरला, पुन्हा नाही. डोळे सुजलेले, नाक लाल. मी त्याच्या जागी असतो तर मीही उघडलो नसतो. बोटाचा ठसा लावला, तर बोटावर तेल. आकडे टाकून कसाबसा उघडला, पण पैशांचा पिन टाकायला गेलो, तर समोर सगळं पाण्यात दिसत होतं, त्यामुळे चुकीचा पिन पडत गेला आणि शेवटी बँकेने, माझ्याच सुरक्षिततेसाठी, व्यवहार बंद केले. "राहू द्या काका," मालक म्हणाले, "या भाऊंनी केव्हाच दिले." पुणेकराने खरंच बिल दिलं होतं. मी भारावून गेलो. रात्री ग्रुपवर त्याने हिशेब टाकला, चौघांचे सारखे भाग. खाली एक वेगळी ओळ: जादा लिंबू, पाच रुपये, फक्त माझ्या नावावर.

घरी आलो तेव्हा बायकोने दार उघडलं. "अहो, कान का इतके लाल झालेत?" मी ऊन म्हणालो. तिने चौघांकडे एकवार बघितलं, तिघांच्या हातात कैरीचं पन्हं दिलं आणि माझ्या हातात थंड दूध. तिला काही विचारावं लागत नाही. तिने मग निवांत बसून माझी हॉस्टेलातली एकेक विधानं ऐकून घेतली. तिघांना ती तोंडपाठ होती. दात यायच्या आधीचं सावजी ऐकून ती आत गेली. पाणी आणायला गेली असावी असं मला वाटलं, पण स्वयंपाकघरातून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. बाहेर येऊन तिने सासऱ्यांच्या ताटाच्या कडेची मिरची, अंगणातलं अंडं, सगळं सविस्तर सांगितलं. शेवग्याच्या आमटीत चुकून हिरवी मिरची चावली म्हणून मी एकदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, हेही.

संध्याकाळी वडाभात खायला बाहेर जायचं ठरलं होतं. बायको म्हणाली, बाहेर कशाला, मी करते. हा मात्र पदार्थ असा आहे की तो मला मनापासून आवडतो. भिजवलेल्या डाळी जाडसर वाटून त्याचे वडे तळायचे, गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी, तेलासकट. सोबत कढी. तिने फोडणीत सुक्या मिरच्या टाकल्या, भिवापूरच्या. ताटं वाढली गेली तेव्हा माझ्या ताटात दहीभात होता. वडा बाजूला दिला होता, एक, बिनफोडणीचा. रत्नागिरीकर तिला म्हणाला, "वहिनी, काय सुंदर! याला नागपुरी म्हणतात." आणि माझ्याकडे वळून मला वडाभात कसा कालवायचा ते समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लग्नात मी ताकाच्या काउंटरशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. मुलाकडची मंडळी नाशिकची. त्यांनाही चांगलं सावजी कुठे मिळेल ते हवं होतं. कुणीतरी त्यांना आमच्या घोळक्याकडे पाठवलं. मी उठेपर्यंत त्यांनी रत्नागिरीकराला गाठलं होतं. तो दुपट्टा सावरत, हातवारे करत सांगत होता, "फाटकाच्या अलीकडे डावीकडे. पहिला पानठेला सोडून द्यायचा, तिकडे गिरणी आहे. दुसऱ्या पानठेल्यापासून राइट. आणि बाकी सगळे डुप्लिकेट आहेत, लक्षात ठेवा."

हे सगळं आता विसरलं गेलं असेल, असं मला वाटत होतं. परवा हॉस्टेलातल्या आणखी एकाचा फोन आला. हिवाळी अधिवेशनात त्याचं काही काम आहे, नागपूरला येतोय. मी जुन्या सवयीने म्हणालो, ये, तुला अस्सल सावजी खाऊ घालतो. तो म्हणाला, "नको रे, त्रास घेऊ नकोस. रत्नागिरीवाल्याने पत्ता पाठवलाय. तू फक्त गाडीची किल्ली दे."

"मी येऊ ना सोबत?" मी विचारलं.

पलीकडे जरा वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "ये की. पण घरून जेवून ये."